आउटडोअर सीनचे शॉट एकमेकांशी जुळत नाहीत: निदान आणि उपाय

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. बाकावर बसून दोघं बोलतायत, दोन मिनिटांचा सीन. लोकेशनवर प्रत्येक टेक ठीक वाटला. एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावल्यावर मात्र त्याच्या क्लोजमध्ये (चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये) सकाळ, तिच्या क्लोजमध्ये भर दुपार आणि मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन लांबून दाखवणाऱ्या शॉटमध्ये, ढगाळ हवा. शिवाय प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारतो. मग कलर करेक्शनमध्ये दोन रात्री जातात, आणि सीन तरीही दोन वेगळ्या दिवशी शूट केल्यासारखाच दिसतो.

नवा कॅमेरा आणून हे सुटत नाही. शॉट डिव्हिजन लिहिताना आपण संवादाचा क्रम धरतो आणि लोकेशनवरही तोच क्रम चालवतो, तिथे सगळं बिनसतं. स्टुडिओत दिवा जागचा हलत नाही, बाहेरचा दिवा दर मिनिटाला सरकत असतो. म्हणून शॉटचा क्रम सूर्याला विचारून ठरवायचा, संवाद नंतर एडिटला आपल्या जागी बसतात.

आधी निदान

खटकणाऱ्या कटवर थांबा. कटच्या आधीची आणि नंतरची फ्रेम शेजारी शेजारी ठेवा आणि या क्रमाने बघा.

नाकाची सावली कुठल्या गालावर पडली आहे? एका फ्रेममध्ये कॅमेऱ्याकडच्या आणि दुसरीत पलीकडच्या गालावर असेल, किंवा एकात गालावर आणि दुसऱ्यात हनुवटीवर, तर शॉटचा क्रम किंवा बसण्याची दिशा चुकली आहे.

सावलीची कड कशी आहे? एका फ्रेममध्ये धारदार आणि दुसऱ्यात पुसट, म्हणजे मध्ये ढग आला.

सावल्या सारख्याच आहेत पण रंग किंवा उजेड वेगळा आहे? कॅमेऱ्यातलं काहीतरी ऑटोवर राहिलं. तिन्हींत हाच दोष सगळ्यात सोपा.

चित्र जुळतंय तरी कट खटकतोय? आवाज बंद करून पुन्हा बघा. खटका गेला तर दोष आवाजात आहे. राहिला तर हालचाल किंवा नजर जुळत नाही.

नाकाची सावली बदलते तेव्हा

सूर्य आपल्या वाटेवर तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. एका बाजूचा सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट) आणि क्लोज घ्यायला ४० मिनिटं लागली तर १० अंश गेले. सूर्य खाली असताना जमिनीवरच्या सावल्या तर त्याहून वेगाने बदलतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली सूर्य १० अंशांवर असताना सुमारे ९.४ मीटर असते, २० अंशांवर ४.५ मीटर, ३० अंशांवर २.९ मीटर आणि ४५ अंशांवर त्याच्या उंचीइतकीच. १० ते २० या टप्प्यात सावली निम्मी होते, आणि विषुववृत्ताच्या आसपास हा टप्पा जेमतेम ४०-४५ मिनिटांत उरकतो. तिथून जितकं दूर जाल तितका वेळ जास्त मिळतो. सूर्योदयाचं सोनेरी ऊन मोहात पाडतं खरं, पण त्यात दोन माणसांचा अख्खा संवाद घेणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रांगोळी. त्या उन्हात संवाद नसलेले एक-दोन शॉट घ्या. संवादाचा सीन सूर्य २० अंशांवर आल्यावर सुरू करा आणि ५० अंशांच्या आत संपवा. त्यानंतर टॉप लाइट होतो, डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं.

बसण्याची दिशा हा पुढचा मुद्दा, आणि चूक बहुतेक वेळा इथेच असते. दोघं समोरासमोर आहेत आणि त्यांच्यामधली रेषा थेट सूर्याकडे जाते असं धरा. एकाच्या तोंडावर ऊन, दुसऱ्याच्या पाठीवर. तोंडावर ऊन असलेला डोळे बारीक करतो, चेहरा लख्ख आणि सपाट दिसतो. दुसऱ्याचा चेहरा सावलीत, तीन-एक स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). हे दोन क्लोज एकमेकांशेजारी नांदत नाहीत.

दोघांना ९० अंश फिरवा. रेषा सूर्याला आडवी झाली की ऊन दोघांवरही रेषेच्या एकाच बाजूने येतं. कॅमेरा रेषेच्या सावलीकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे सूर्य कलाकारांच्या पलीकडे राहतो. दोघांच्याही केसांना आणि खांद्याला उन्हाची कड मिळते, कॅमेऱ्याकडचा गाल मऊ सावलीत राहतो आणि तो पांढऱ्या थर्माकोलने उजेड परतवून उजळता येतो. कॅमेरा सतत रेषेच्या एकाच बाजूला राहिल्यामुळे १८० अंशांचा नियमही (कॅमेऱ्याने दोघांमधली रेषा ओलांडायची नाही) वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. बाक जमिनीत पक्का बसवलेला असेल तर शूटची वेळ बदला: सकाळी न जमणारी दिशा दुसऱ्या वेळेला काही वेळा जमते.

आता क्रम. सूर्य दोघांपैकी एकाच्या चेहऱ्याकडे सरकत जाणार आणि दुसऱ्याच्या पाठीकडे. ज्याच्या चेहऱ्याकडे सरकतोय त्याचे शॉट आधी. उशीर झाला तर त्याच्या सावलीतल्या गालावर ऊन चढतं आणि ते काढायला मोठं कापड लागतं. दुसऱ्याच्या बाबतीत ऊन आणखी मागे गेलं तरी चेहरा सावलीतच राहतो, थर्माकोल हातभर पुढे-मागे केला की भागतं.

मास्टर आणि बाकीचे वाइड शॉट मात्र या दोघांच्याही आधी, आणि एकत्र. वाइडमध्ये जमीन दिसते, झाडांच्या सावल्या दिसतात, तिथे काही लपवता येत नाही. क्लोजमध्ये बरंच लपवता येतं.

नऊ शॉटच्या सीनचा नमुना असा. सूर्योदय ६:१५ ला आणि सूर्य भराभर वर चढणारा प्रदेश धरलाय. तुमच्या जागेचे आकडे वेगळे येतील.

६:३० कॉल, म्हणजे सगळे हजर. ७:३५ पर्यंत ब्लॉकिंग (कोण कुठे बसणार, कुठून चालणार), रिहर्सल, जमिनीवर पायांचे आणि ट्रायपॉडचे मार्क.
७:४० ते ८:२० मास्टर, त्याचं येणं, तिचं उठून जाणं, टू-शॉट (दोघं एका फ्रेममध्ये).
८:२० ते ८:५५ ज्याच्या चेहऱ्याकडे सूर्य सरकतोय त्याचा सजेशन आणि क्लोज.
८:५५ ते ९:३० समोरच्याचा सजेशन आणि क्लोज.
९:३० नंतर हातातल्या पत्राचा इनसर्ट (वस्तूचा जवळचा शॉट), आवाजाचा वाइल्ड ट्रॅक (कॅमेरा बंद ठेवून घेतलेले संवाद), ॲम्बियन्स (जागेचा नुसता मागचा आवाज).

तिचं उठून जाणं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला येतं, म्हणजे कलाकाराला भांडणाआधीच भांडण संपवून निघून जायचंय. त्यामुळे ७:३५ च्या आधीची रिहर्सल अख्ख्या सीनची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा तरी झाली पाहिजे. वेळ वाचवायला ही रिहर्सल कापली की ९ वाजता सगळ्यांचा अभिनय वेगवेगळ्या सुरात असतो, आणि ती चूक कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सुधारत नाही.

तरीही उशीर झालाच तर क्लोजमध्ये चीट करा. मागचं धूसर असताना कलाकार नेमका कुठल्या दिशेला बसलाय हे प्रेक्षकाला कळत नाही. सूर्य २० अंश बाजूला गेला असेल तर कलाकार, समोरच्याची नजरेची जागा आणि कॅमेरा या तिघांना मिळून २० अंश फिरवा. नाकाची सावली पुन्हा जुन्या जागी येते. आधीच्या क्लोजचा फोटो फोनवर समोर धरूनच हे करा, आठवणीवर विसंबू नका. सजेशनमध्ये हे जमत नाही, कारण समोरच्याचा खांदा आणि त्यामागचं मैदान दोन्ही फ्रेममध्ये असतं.

रेकी: काठी आणि खडे

सूर्य दाखवणारी ॲप चांगली असतात, पण समोरच्या इमारतीमागे सूर्य किती वाजेपर्यंत दडलेला असतो हे त्यांना सहसा माहीत नसतं. रेकीला, म्हणजे लोकेशन आधी बघायला, शूटच्याच वारी आणि शूटच्याच वेळेला जा. १ मीटरची सरळ काठी बाकाजवळ उभी रोवा. सावलीच्या टोकावर एक खडा ठेवा आणि दर १५ मिनिटांनी नवा खडा. दोन तासांनी जमिनीवर नऊ खड्यांची रांग दिसेल, तिचा वरून फोटो काढा. खडे ज्या बाजूला सरकले त्याच्या उलट बाजूला सूर्य सरकतोय. सावली काठीच्या पावणेतीनपट असेल तर सूर्य २० अंशांवर आहे, पावणेदोनपट असेल तर ३० वर आणि काठीइतकीच असेल तर ४५ वर. खड्यांमधलं अंतर कमी-जास्त दिसेल, ते बरोबर आहे. सूर्य दुपारी खूप उंच जात असेल तिथे त्याची होकायंत्रावरची दिशा सकाळी सावकाश बदलते आणि माध्यान्हीच्या आसपास झपाट्याने. दुपारी बाराचा संवादाचा सीन सगळ्यात जास्त का फसतो, याचं अर्धं उत्तर त्या रांगेत असतं.

काठी उन्हात असताना बाकावर बसून फोनवर तीन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोनवर ऐका. पाण्याचा पंप, शाळेची सुट्टी, दूरचा रस्ता, रातकिडे: कान जागेवर जे गाळून टाकतात ते माइक टिपतो. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापकाची परवानगी लेखी घ्या, तारीख आणि वेळ लिहून, आणि कागद शूटला सोबत ठेवा. सीनमध्ये खोटं पिस्तूल, चाकू किंवा मारामारी असेल तर पोलिसांना आणि आसपासच्या लोकांना आधी कळवल्याशिवाय उघड्यावर ते बाहेर काढू नका. लांबून खोटं-खरं कोणालाच कळत नाही.

सावलीची कड बदलते तेव्हा: ढग

कडक ऊन आणि दाट ढग यांत साधारण तीन स्टॉपचा फरक पडतो. एक्स्पोजर उघडून उजेड जुळवता येतो, पण गालावरची धारदार सावली पुसता येत नाही आणि नसलेली काढता येत नाही. म्हणून आकाशात तुटक ढग असतील तर पहिला शॉट लावण्याआधी एकच प्रश्न सोडवा: हा सीन उन्हातला की सावलीतला? ठरलं की त्या दिवशी बदलायचं नाही.

दोन्ही शक्य असेल तर सावली निवडा. सावली तयार करता येते, ऊन तयार करायला लागणारे दिवे विद्यार्थ्यांच्या हातात नसतात. एका चेहऱ्याच्या क्लोजला ४ बाय ४ फुटांचं स्किमर, म्हणजे चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड, पुरतं. टू-शॉटला ६ बाय ६ तरी हवं. कापड डोक्याच्या जितकं जवळ आणाल, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, तितका उजेड मऊ. जाडीप्रमाणे कापड एक ते दोन स्टॉप खातं, त्यामुळे मागचं उन्हातलं मैदान त्या मानाने उजळून निघतं आणि पांढरं फटफटीत पडतं. स्किमर लावलं की कलाकाराच्या मागे गडद काहीतरी घ्या: झाडी, सावलीतली भिंत. आकाश फ्रेममधून कापा. आणि हे स्किमर वाऱ्यात शिडासारखं फुगतं, स्टँडवर एकटं सोडू नका. दोन माणसं धरायला, किंवा स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या आणि शिवाय एक माणूस. कलाकाराच्या डोक्यावर चौकट पडली तर शूट तिथेच संपतं.

उन्हातला सीन ठरवला असेल तर एकाला ढगांवर नेमा. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही. हाताने सूर्य झाकून बाजूचे ढग बघायचे, किंवा त्याहून सोपं, जमिनीवरून येणारी ढगाची सावली बघायची. मोकळ्या मैदानात ती लांबूनच दिसते. पुढच्या ढगापर्यंत मोकळी जागा टेकच्या लांबीच्या दुप्पट असेल तरच क्लॅप द्या. टेक चालू असताना ढग आला तर कट म्हणू नका, टेक पूर्ण होऊ द्या, कलाकाराची लय मोडण्यापेक्षा कार्डावरची दोन मिनिटं परवडतात. फक्त क्लॅपच्या नोंदीत त्या टेकसमोर 'ढग' लिहा.

थर्माकोल, चंदेरी रिफ्लेक्टर, काळं कापड

चंदेरी रिफ्लेक्टरने कलाकाराचे डोळे दिपतात आणि खालून मारला तर चेहरा भुतासारखा दिसतो. पांढरा थर्माकोल, साधारण ४ बाय २ फूट, डोळ्यांच्या पातळीवर किंवा जरा वर, कॅमेऱ्याच्या बाजूने. किती जवळ हे चेहऱ्याकडे बघून ठरवा आणि ठरलेलं अंतर नोंदवा. 'थर्माकोल उजवीकडे, चार फूट' एवढं लिहिलं असलं तरी समोरच्याच्या क्लोजला तसाच उजेड आणता येतो. दोघांना सावलीत घेतलं आणि चेहरे फारच सपाट झाले, तर एका बाजूला काळं कापड उभं धरा. त्या बाजूचा उजेड गिळला जातो आणि गालाला आकार येतो. फुकटात एवढा फरक पाडणारं दुसरं साधन नाही.

सावल्या जुळतात पण रंग-उजेड जुळत नाही: सेटिंग

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगाची दुरुस्ती) ऑटोवर असेल तर हिरवळ समोर आल्यावर त्वचा एका रंगाची आणि भिंत समोर आल्यावर दुसऱ्या. उन्हात ५६०० केल्व्हिनवर पक्का करा, दाट ढगांत किंवा सावलीत ६५००-७००० च्या आसपास. नेमका आकडा किती यापेक्षा सगळ्या शॉटला एकच असणं जास्त महत्त्वाचं. सगळा सीन सारखाच निळसर असेल तर तो एका फटक्यात सुधारतो.

शटर हा आउटडोअरचा दुसरा सापळा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवायचं असतं. आयएसओ १०० वर कडक उन्हात त्या शटरला सुमारे एफ २२, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक, लागतं. मागचं धूसर करायला एफ ४ हवं असेल तर ५ स्टॉप उजेड जास्त होतो. एनडी (उजेड कमी करणारा लेन्सवरचा काळपट फिल्टर) नसेल तर कॅमेरा, विशेषतः फोन, शटर १/१००० वर वगैरे नेतो आणि हातांची हालचाल तुटक-तुटक दिसते. त्यात एका क्लोजला शटर १/५० आणि दुसऱ्याला १/१००० असेल तर सावल्या जुळूनही काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, आणि काय ते सापडत नाही. एनडी ०.३ म्हणजे १ स्टॉप, ०.९ म्हणजे ३, १.८ म्हणजे ६. आयएसओ १०० ला एफ २.८ वर १.८ चा फिल्टर बरोबर बसतो. लॉगमध्ये (रंग नंतर चढवायच्या फिक्या सेटिंगमध्ये) शूट करत असाल आणि आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नसेल तर आणखी ३ स्टॉप धरा.

फिरवायचा एनडी सोयीचा खरा, पण शेवटच्या टोकाला नेला की वाइड लेन्सवर फ्रेमभर फुलीसारखा काळपट पट्टा उमटतो. टोकाच्या आधीच थांबा. शॉट बदलताना धक्का लागून तो फिरतो हे आणखी वाईट. रिंगवर पांढऱ्या टेपचा तुकडा आणि पेनाची रेघ, आणि प्रत्येक टेकआधी रेघ जुळते का एवढं बघा.

उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन खोटं बोलतो. चेहरा अंधारा वाटतो म्हणून एक्स्पोजर वाढवलं जातं आणि कपाळ जळतं. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) किंवा झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावा, झेब्रा ९५ च्या आसपास ठेवून कपाळ आणि पांढऱ्या कपड्यावर पट्टे येतात का बघा. काहीच नसेल तर डोक्यावरून काळं कापड घेऊन स्क्रीन बघा. हसतील लोक, हसू दे.

फोनवर शूट असेल तर बोट दाबून ठेवल्यावर फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतो, पण नेहमीच्या कॅमेरा ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स बऱ्याचदा मोकळाच राहतो. मॅन्युअल सेटिंग देणारं ॲप वापरा, एचडीआर बंद ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर. कव्हर काढा आणि टेकच्या मधल्या वेळात फोन सावलीत ठेवा. तापला की आधी स्क्रीन मंद होतो, मग रेकॉर्डिंग बंद पडतं.

आवाज बंद केला की कट चालतो

माइक तोंडापासून ४५ ते ६० सेंटिमीटरवर हवा. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक मास्टरमध्ये चार मीटर आणि क्लोजमध्ये दीड मीटरवर असतो, म्हणून कट झाला की संवाद आणि मागचा गोंगाट दोन्हींचं प्रमाण बदलतं. बूम (लांब काठीवरचा माइक) वरून, छातीकडे रोखलेला. वरून खाली रोखला की माइकसमोर जमीन येते, आडवा धरला तर मागचा रस्ता येतो. बूमवाला सूर्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला तर काठीची सावली कलाकारापासून लांब पडते.

स्पंजचं टोपण फक्त झुळकीला पुरतं. वाऱ्याला केसाळ कव्हर लागतं. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालची घरघर गाळणारा फिल्टर) चालू करा, ऑटो लेव्हल बंद करा. ऑटो लेव्हल चालू असेल तर संवादांच्या मधल्या शांततेत मागचा आवाज फुगत जातो आणि पुढचा शब्द आला की एकदम दबतो. हे एडिटला निस्तरणं म्हणजे डोकेदुखी. संवादाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आरडाओरड्याचा सीन असेल तर रिहर्सल पूर्ण आवाजात करून लेव्हल लावा, कारण कलाकार रिहर्सलला नेहमी हात राखून ओरडतात. वाऱ्याने सिग्नल फाटला की तो टेक गेला असं समजा.

प्रत्येक दिशेची मांडणी मोडण्याआधी ६० सेकंदांची ॲम्बियन्स घ्या. माइक त्याच जागी, त्याच दिशेला, सगळे गप्प. दिवसाच्या शेवटी एकच ॲम्बियन्स घेऊन भागत नाही, कारण त्याच्या बाजूला रस्ता होता आणि तिच्या बाजूला झाडं. ज्या वाक्यावर हॉर्न वाजला ते वाक्य कॅमेरा बंद ठेवून लगेच तीनदा बोलून घ्या, कलाकार अजून त्याच सुरात असताना.

सिंकबद्दल, म्हणजे ओठ आणि आवाज जुळण्याबद्दल, एक बारकावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमला १४ मीटरच्या आतच. लांबच्या वाइडमध्ये कॅमेऱ्याच्या माइकवरच्या आवाजाशी रेकॉर्डरचा आवाज आपोआप जुळवला तर ओठ फ्रेमभर चुकतात. तिथे क्लॅपची फळी मिटताना दिसते ती फ्रेम धरून हाताने जुळवा. आवाज सुरुवातीला जुळून पुढे घसरत जात असेल तर फोनचा बदलता फ्रेम रेट किंवा सेकंदाला २९.९७ आणि ३० फ्रेमचा घोळ तपासा. या घोळात मिनिटाला ६० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेमची घसरण होते.

हालचाल

यावर फार लिहायची गरज नाही, करायची गरज आहे. कंटिन्यूइटीला, म्हणजे शॉटमधले तपशील जुळतात का बघायला, एक वेगळा माणूस, दिग्दर्शक नव्हे. प्रत्येक टेकनंतर त्याने फोटो काढायचा आणि कुठल्या शब्दावर हात उचलला, पत्र कुठल्या हातात, ओढणी कुठल्या खांद्यावर हे स्क्रिप्टच्या समासात लिहायचं. वाऱ्यात केसांचं काही खरं नसतं, शक्यतो बांधून ठेवा. प्रत्येक क्लोज संवादाच्या एक वाक्य आधी सुरू करा आणि एक वाक्य नंतर संपवा, म्हणजे कट कुठे मारायचा हे एडिटरच्या हातात राहतं.

कार्ड संपेल का हा हिशेब आधीच करा: सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. शूटच्या जागीच दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय आणि दोन्हींतल्या एक-दोन क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

शूट होऊन गेलंय, पुन्हा जाता येत नाही

मग पडझड सावरायची. सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर राहणारा शॉट आधार धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. आधी एक्स्पोजर, मग व्हाइट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट, याच क्रमाने. उन्हातला शॉट ढगाळ शॉटशी जुळवताना उन्हाचा कॉन्ट्रास्ट उतरवा. उलट करायला गेलात तर ढगाळ शॉट नुसताच भडक होतो.

जे दोन शॉट जुळणारच नाहीत त्यांना एकमेकांना चिकटू देऊ नका. मध्ये पत्राचा इनसर्ट, रिकामं मैदान, पाय, काहीही दोन सेकंद. डोळ्याला आधीची सावली नेमकी कुठे होती याचा विसर पडतो. मास्टर एका उजेडात आणि दोन्ही क्लोज दुसऱ्या उजेडात असतील तर मास्टर फक्त सुरुवातीला आणि शेवटी वापरा, मध्ये परत जाऊ नका. सीनच्या मधोमध एखादं वाक्य उडवता येत असेल तर उडवा. विद्यार्थ्यांच्या सीनमध्ये असं एक तरी वाक्य असतंच.

आवाजासाठी सगळ्यात गोंगाटाच्या शॉटमधली संवादांच्या मधली जागा उचलून तिचा ट्रॅक करा आणि तो अख्ख्या सीनखाली सलग पसरा. स्वच्छ शॉट थोडे मळतील, पण उड्या थांबतील. प्रत्येक संवादाच्या तुकड्याला दोन्ही टोकांना चार-सहा फ्रेमचा फेड द्या आणि पुढच्याचा आवाज कटच्या जरा आधी आत आणा. हे सगळं झाल्यावर कलरकडे परत जा. आवाज सलग झाला की आधी डोळ्यात खुपणारे दोन-तीन कट आता खुपत नाहीत असं आढळेल, त्यांच्यावर वेळ घालवायला नको.